‘हवाबंद’मधला परत आलेला माणूस

कोल्हापूर,
१४ जुलै २०२४

संयोगिताताईंना अनुजाचा नमस्कार.

तुमचं पोस्टकार्ड पेपरच्या ऑफिसनं माझ्याकडं पाठवलं. ‘हवाबंद’ सिनेमात शेवटी परत येणारा शेखर हा शेखर नव्हेच, असं माझं एक टिपण रविवारच्या पुरवणीत आलं होतं. त्यावर आमच्या सिनेमावेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुष्कळ भांडणं झाली, पण कुणी पोस्टकार्ड लिहील असं वाटलं नव्हतं. तुम्ही लिहिलंय, ‘आमच्या गावात रेंज नाही आणि मला कान नाहीत, तेव्हा फोन करू नका, लिहा.’ चंदगडच्या डोंगरातून आलेलं हे वाक्य मी आमच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांना फार आवडलं.

तुम्ही भाच्याच्या लॅपटॉपवर बघितलात, म्हणून आधी गोष्ट मांडते. म्हणजे आपण दोघी एकाच सिनेमाबद्दल बोलतोय याची खात्री होईल. शेखर अंतराळ स्थानकावर कामाला असतो. तिथल्या एका हवाबंद खोलीत तो अडकतो, संपर्क तुटतो, सगळे तो गेला असं धरून चालतात. त्या खोलीत मोडलेलं शरीर दुरुस्त करणारं यंत्र असतं. पुष्कळ काळानं खोली उघडते आणि शेखर आपल्या पायांनी बाहेर येतो. बायको रेवती त्याला घरात घेते. पण तिला खुटखुटत राहतं, हा दुरुस्त झालेला शेखर आहे की यंत्रानं केलेला दुसराच कुणी? शेवटी ती स्वयंपाकघरात त्याला विचारते, ‘घाटात आपली गाडी बंद पडली होती, तेव्हा तू मला काय म्हणाला होतास?’ तो तोंड उघडतो, त्याच क्षणी कुकरची शिट्टी होते. त्याचे ओठ हलतात. सिनेमा संपतो.

आमच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत, ‘तोच’वाले आणि ‘तो नव्हे’वाले. ‘तोच’वाले म्हणतात, अंधारात न चाचपडता त्यानं दाराची कडी काढली, कुत्रा शेपूट हलवत आला. मी म्हणते, कुत्रा भाकरी दाखवणाऱ्या कुणाकडंही येतो. आधीचा शेखर दाढी करताना गात असे, हा गात नाही. आधीचा बशीतून चहा ओढायचा, हा कपानं पितो. माणूस सवयींचा बनलेला असतो, ताई. सवयी गेल्यावर मागं राहतं ते नुसतं शरीर.

तुमचा प्रश्न आहे, ‘तो नव्हे, तर मग तिनं घरात का घेतलं?’ याला माझं उत्तर, दारात उभ्या असलेल्या माणसाला हाकलायला ताकद लागते.

थेटरात पहिल्यांदा बघितला तेव्हा आमचे मिस्टर शेजारी होते. शिट्टी झाली तसे ते मोठ्यांदा म्हणाले, ‘अरं, काय म्हणाला त्ये तरी सांगा की!’ अख्खं थेटर हसलं. मी पदरात तोंड लपवलं. आता सिनेमा मोबाईलवर आलाय. मी दूधसंघाच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, सध्या रजेवर आहे, त्यामुळं दुपारी वेळ असतो. घरात आवाज करायचा नसतो म्हणून आवाज बंद करूनच बघते.

एक विनंती आहे. तुम्हाला ओठ वाचता येतात असं तुम्हीच लिहिलंय. शेखर शेवटी काय म्हणतो ते मला सांगाल का?

तुमची,
अनुजा


कोल्हापूर,
११ ऑगस्ट २०२४

संयोगिताताई,

तुमचं पत्र वाचून आधी मला राग आला, हे लिहूनच टाकते. अख्खा ग्रुप तुमच्या उत्तराची वाट बघत बसला होता आणि तुम्ही लिहिता, ‘सांगणार नाही.’

मग तुम्ही सांगितलं तसं आरशासमोर उभी राहिले आणि आवाज न करता ‘मामा’ म्हटलं, ‘बाबा’ म्हटलं, ‘पापा’ म्हटलं. ओठांवर तिन्ही एकच. त्यात फरक काही दिसेना. मग मी उगाचच बराच वेळ आरशासमोर नाना शब्द म्हणत राहिले. तुम्ही लिहिलंय, ‘ओठ वाचणं म्हणजे अर्धं बघणं आणि अर्धा अंदाज. ओळखीच्या माणसाचा अंदाज बरोबर येतो, अनोळखीचा चुकतो. शेखरच्या ओठांवर मी जे वाचीन ते माझ्याच मनातलं असेल. ते तुला कशाला देऊ?’ हे मी ग्रुपवर टाकलं नाही. स्वतःजवळ ठेवलं.

तुमच्यासाठी अख्खा सिनेमाच शेवटच्या प्रसंगासारखा होता, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आम्हाला एक उत्तर ऐकू आलं नाही तर आम्ही एवढे भांडतोय.

पण तुमचा दुसरा मुद्दा मला पटला नाही. ‘रेवतीनं कुकर बंद करून परत का नाही विचारलं?’ ताई, परत विचारलं असतं तर सिनेमाच उरला नसता. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटली असेल. उत्तर चुकीचं आलं तर त्या माणसाबरोबर त्याच घरात राहायचं कसं?

तुम्ही विचारलंत, घरात आवाज का करायचा नाही. आमचे मिस्टर आजारी आहेत. दुपारी झोपतात. बरे होतील.

तुमच्या काजूच्या बागेला पाऊस मानवलाय हे वाचून बरं वाटलं. तुम्ही आणि तुमचे भाऊ एवढी बाग कशी बघता, कमाल आहे.

अनुजा


कोल्हापूर,
१५ सप्टेंबर २०२४

ताई,

या खेपेला तुम्ही सिनेमाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. नुसतं, ‘आजार काय?’ एवढंच. मी चार दिवस ते कार्ड फ्रिजवर चिकटवून ठेवलं. आज सांगते.

माझ्या नवऱ्याचं नाव कृष्णात. समोर मी अहो-जाहो करते, लिहिताना अरे-तुरेच येतं. बिद्रीचा आहे, साखर कारखान्याजवळच घर. इथं शहरात त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं, पण लोक त्याला ओळखत ते आवाजासाठी. जत्रेतल्या कुस्त्यांना तो माईकवर बोलायचा. कुठला पैलवान कुणाचा पठ्ठ्या, कुणी कुठला डाव टाकला, कोण कसा सुटला, हे सगळं तो असं सांगायचा की मैदानाच्या पार मागं बसलेल्या आंधळ्या म्हाताऱ्यालासुद्धा कुस्ती दिसावी. घरातही तसाच. मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांनी डबा घेऊन यावं असा आवाज.

मार्चमध्ये नेसरीच्या बाजूच्या मैदानावरून मोटारसायकलनं परत येत होता. रस्त्याकडेला उसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी होती. डोक्याच्या डाव्या बाजूला मार बसला. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. मेमध्ये मी त्याला घरी आणलं.

ताई, घरी जो आला तो बोलत नाही. तो समजून घेतो असं डॉक्टर म्हणतात, पण शब्द सापडत नाहीत, सापडला तर भलताच येतो. चमचा मागायचा असतो आणि ‘शनवार’ म्हणतो. उजवा हात जड आहे. आरती मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो आणि शिव्याही एकदम स्वच्छ येतात. तांबडा रस्सा समोर ठेवला तर ताट सरकवतो, दूधभात खातो. गॅलरीत बसून राहतो. घरात एवढी शांतता कधी नव्हती.

आणि मला तो ‘पावणं’ म्हणतो. पहिल्या दिवशी मी दार उघडून त्याला आत घेतलं, पाणी दिलं, आणि तो माझ्याकडं बघून म्हणाला, ‘पावणं.’ अनोळखी माणसाला म्हणतात तसं. तेव्हापासून रोज. दवाखान्यात त्याला बोलायला शिकवणाऱ्या सौंदर्या मॅडम म्हणतात, शब्द घसरतो, मनावर घेऊ नका. पण सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या नवऱ्याकडून ‘पावणं’ ऐकून बघावं कुणीतरी.

आता तुम्हाला कळलं असेल, मी ‘तो नव्हे’वाली का आहे ते.

पुढचंही सांगून टाकते. त्याची मोठी बहीण, आक्का, त्याला बिद्रीला न्यायला तयार आहे, कायमचं. तिथं घरात माणसं आहेत, अंगण आहे. आणि मला दूधसंघानं नवी मुंबईच्या प्रकल्पात बढती दिली आहे. पुण्याचा माझा भाऊ म्हणतो, तू अजून तरुण आहेस, मूलबाळ नाही, विचार कर. मी कृष्णातला विचारलं, ‘आक्काकडं जायचं का बिद्रीला?’ तो म्हणाला, ‘व्हय.’ लगेच म्हणाला. मी परत विचारलं नाही. त्याची बॅग भरायला घेतली आहे. दसऱ्याला आक्का गाडी घेऊन येईल.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही माझा चेहरा बघितलेला नाही, म्हणून तुम्हाला सांगता आलं असेल.

अनुजा


कोल्हापूर,
२० ऑक्टोबर २०२४

संयोगिताताई,

कुठून सुरू करू? तुमचं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. त्यासाठी तुम्ही माणूस चंदगडला पाठवून ते स्पीड पोस्टानं टाकलंत हे पाकिटावरून कळलं. तुमचे उपकार कसे फेडू?

तुम्ही लिहिलं होतं की तुमचे कान हळूहळू जायला लागले तेव्हा तुम्ही शाळेत शिक्षिका होतात. मुख्याध्यापक एक दिवस समोर बसून काहीतरी बोलले. ऐकू आलं नाही, पण परत विचारायची लाज वाटली, म्हणून तुम्ही मान हलवलीत. घरी आल्यावर कळलं की तुम्ही नोकरी सोडायला हो म्हटलं होतं. ‘माझ्या आयुष्यातले निम्मे होकार हे असले आहेत,’ असं लिहिलंय तुम्ही. ‘त्याच्या व्हयवर जाऊ नकोस. परत विचार. वेगळ्या तऱ्हेनं विचार. आणि उत्तर त्याच्या तोंडाकडं बघून घेऊ नकोस.’

मी ते पत्र वाचलं तेव्हा दुपार होती. कृष्णात पलंगावर बसला होता, शेजारी भरलेली बॅग. मी खाली बसले आणि विचारलं, ‘अहो, बिद्रीला जायचं ना?’

‘व्हय,’ तो म्हणाला.

‘का हितंच ऱ्हायचं?’

‘व्हय.’

मग मी बॅग उघडली, त्याच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, ‘तुम्हाला पाहिजे तसं करा. मी बघत न्हाई.’ मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मग कपाटाचं दार करकरलं. मी डोकावून बघितलं तर तो डाव्या हातानं बॅगेतला एक एक सदरा काढत होता, कपाटापर्यंत पाय ओढत जात होता, ठेवत होता, परत येत होता. घड्या मोडल्या होत्या, अर्धे कपडे जमिनीवर पडले होते. शेवटी रिकामी बॅग त्यानं पलंगाखाली ढकलली, पायानं. घामाघूम झाला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, ‘पावणं,’ आणि रडायला लागला. मी मदतीला गेले नाही, ताई. मीही तिथंच दारात बसून रडले.

दुसऱ्या दिवशी आक्का आली. मला वाटलं होतं ती चिडेल, बिद्रीहून गाडी घेऊन आलेली. तिनं कपाट बघितलं, माझं तोंड बघितलं, भावाचं बघितलं.

‘काय रं, यायचं न्हाय व्हय तुला?’

‘व्हय,’ कृष्णात म्हणाला, आणि पलंगाची कड घट्ट धरली.

‘ऱ्हाऊ दे त्येला,’ आक्का मला म्हणाली. ‘तोंड गेलंय, डोस्कं न्हाय. मी आपली महिन्यातनं दोनदा येत जाईन, तू कामावर जा.’ मग पुरणपोळी खाऊन, आपट्याची पानं देऊन, रिकाम्या गाडीनं परत गेली. एवढी मोठी गोष्ट आणि तिनं ती आवरली कशी, तर पोळी खाता खाता.

सौंदर्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा पेशंटचं हो आणि नाही उलटसुलट होतं, मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सांगितलं असेल. तेव्हा मला ऐकू आलं नसणार.

नवी मुंबईला नकार कळवला. इथल्या प्रयोगशाळेत सकाळची पाळी मिळाली आहे.

ताई, तुम्ही दोन ओळी लिहिल्या नसत्या तर मी त्याला गाडीत बसवून दिलं असतं, आणि तो ‘व्हय, व्हय’ करत गेला असता.

तुमचीच,
अनुजा


कोल्हापूर,
१ डिसेंबर २०२४

ताई,

तुम्ही रागावला होतात की मी सिनेमा विसरले. विसरले नाही. उलट मोठी बातमी आहे.

गेल्या रविवारी दुपारी मी ‘हवाबंद’ टीव्हीवर लावला, या खेपेला आवाज चालू ठेवून. कृष्णात येऊन शेजारी बसला. त्यानं तो आधी बघितलाय, थेटरात ओरडलाय, यातलं त्याला काही आठवत नव्हतं. आठवत असलं तरी सांगता आलं नाही. मध्ये झोपेल असं वाटलं होतं, पण झोपला नाही. शेखर खोलीतून बाहेर येतो तिथं त्यानं माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. शिट्टी झाली, सिनेमा संपला. या खेपेला तो ओरडला नाही.

मी सहज विचारलं. खरं म्हणजे सहज नाही, जीव मुठीत धरून विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं? तो त्योच हाय का दुसरा कोण?’

त्याच्या कपाळाची शीर उठली. तुम्ही पत्रात शिकवल्याप्रमाणं मी त्याच्या तोंडात शब्द घातले नाहीत. नळाला पाणी आलं, मी उठले नाही. शेजारच्या मोनानं दार वाजवलं, तरी उठले नाही.

‘पावणं,’ तो म्हणाला, टीव्हीकडं बोट करून.

‘बरं,’ मी म्हटलं.

‘पावणं हाय.’ थांबला. श्वास घेतला. ‘ऱ्हाला... ऱ्हाला तर... घरचा.’

ताई, ग्रुपवर वर्षभर आम्ही चर्चा केल्या. कुणी ओठ मोजले, कुणी सावल्या, कुणी चहाचा कप. हे कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही सगळे विचारत होतो, आत काय आहे, जुना की नवा? कृष्णातनं सांगितलं, पाहुणा आहे, राहिला तर घरचा होईल. आला तो कोण हे त्या यंत्राला माहीत असेल नाहीतर नसेल, पण पुढचं रेवतीच्या आणि त्याच्या हातात आहे.

आणि मग मला काहीतरी कळल्यासारखं झालं. तो मला पावणं म्हणतो म्हणजे मी परकी, असं मी धरून बसले होते. कदाचित शब्द नुसताच घसरत असेल, मॅडम म्हणतात तसा. कदाचित तो स्वतःलाच म्हणत असेल. मला माहीत नाही. पण आता तो तसं म्हणाला की मी म्हणते, ‘या बसा पावणं, चहा टाकते,’ आणि तो हसतो. पूर्वीसारखा गडगडाटी नाही. हे हसू नवीन आहे, आणि मला ते आवडायला लागलंय.

मी ते ग्रुपवर ‘कृष्णातची थिअरी’ म्हणून टाकलं. एवढा वाद झाला की विचारू नका. इचलकरंजीचा आदर्श नावाचा दातांचा डॉक्टर होऊ घातलेला मुलगा आहे, ‘तोच’वाल्यांचा म्होरक्या, माझ्याशी कायम भांडणारा. त्यानं लिहिलं, ‘वहिनी, मी तट बदलतोय, पण तुमच्या तटात येत नाही, मिस्टरांच्या तटात जातोय.’ मीही तिकडंच गेले.

जानेवारीत इथल्या चित्रपट मंडळानं दिग्दर्शकांना बोलावलंय. तुम्ही याल का? ST चंदगडहून थेट आहे. मुक्काम आमच्याकडं. मी भीत भीत विचारतेय.

अनुजा


कोल्हापूर,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

नीट पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. घर रिकामं वाटतंय, आणि चूल बंद ठेवावी असं वाटण्याइतकं तुम्ही फ्रिजमध्ये करून ठेवून गेलात.

स्टँडवर मी तुम्हाला ओळखणार कशी या काळजीत होते. आणि तुम्ही उतरलात ते थेट कृष्णातकडं गेलात. तो ‘पावणं’ म्हणाला, तुम्ही त्याच्या तोंडाकडं बघून म्हणालात, ‘व्हय, मी पावणीच हाय. पिशवी धर.’ त्यानं डाव्या हातानं धरली. दवाखान्यातून घरी आल्यापासून त्याला कुणी काही धरायला सांगितलं नव्हतं. मीसुद्धा.

सभेत तुमची पंचाईत झाली याचं मला वाईट वाटलं होतं. दिग्दर्शकांच्या मिशा ओठांवर आलेल्या, त्यात पुढं माईक. तुम्हाला काही वाचता येईना. मी कागदावर लिहून द्यायला लागले तोवर कृष्णातनं तुमच्या गुडघ्यावर थाप मारली आणि तुम्हाला सांगायला लागला. एका वेळी एक शब्द. ‘म्हन्तो... आवाज... हाय. काढला. सांगनार... न्हाय.’ तुम्ही मान हलवत होता, आणि ती खोटी मान नव्हती. मध्ये एकदा तुम्ही त्याला ‘परत सांग’ म्हणालात, आणि त्यानं न चिडता परत सांगितलं. मी समोर बघायचं सोडून तुमच्या दोघांकडंच बघत होते. माईकवर हजारोंच्या मैदानाला कुस्ती दाखवणारा माणूस एका बाईला एक सभा दाखवत होता. नंतर तुम्ही मला म्हणालात, ‘अख्ख्या जिल्ह्यात याच्याइतकं वाचायला सोपं तोंड नाही. सगळे घाईत बोलतात. हा प्रत्येक शब्द आधी तोंडात ठेवतो, मग देतो.’ सौंदर्या मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, बाईंना महिन्यातून एकदा पाठवून देता येतं का बघा.

शेखर काय म्हणाला ते दिग्दर्शकांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सभा संपल्यावर लोक तावातावानं बाहेर पडले. मला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. भूक लागली होती. आपण तिघांनी गाड्यावर मिसळ खाल्ली आणि कृष्णातनं कट मागितला, तिखट कट, आठवतंय ना? डोळ्यांतून पाणी काढत प्याला. जुन्या सवयी परत येतात म्हणून मी खूश झाले नाही, हे तुम्हाला सांगायचं होतं. तो खूश होता म्हणून झाले.

तुम्ही त्याला वेगळं पत्र लिहिलंत. त्यानं ते मला दाखवलं नाही. दोन दिवस उशाशी घेऊन होता. वाचता येतंय त्याला, सावकाश.

तुमची,
अनुजा


कोल्हापूर, स्टँडवरून,
१३ एप्रिल २०२५

ताई,

हे पत्र पोस्टानं येत नाही. ज्यानं आणलंय तो तुमच्यासमोर उभा असेल.

तुमच्या त्या पत्रात काय होतं ते मला काल कळलं. ‘काजूची बोंडं पिकली की ये. एकटा ये.’ त्यानं ते दोन महिने मनात घोळवलं असणार. परवा जेवताना एकदम म्हणाला, ‘चंदगड.’ मी म्हटलं, ‘सुट्टी काढते, जाऊ.’ तर नाही म्हणून मान हलवली. ‘मी,’ म्हणाला, आणि छातीवर हात ठेवला.

मी नाही म्हणणार होते. रस्ता लांबचा, गाडी मध्ये थांबते, पाणी प्यायला उतरला आणि चढायचं राहिलं तर? कुणी काही विचारलं आणि भलताच शब्द आला तर? आक्काला फोन केला. ती म्हणाली, ‘जाऊ दे की. जत्रा-जत्रा फिरलेला गडी हाय, ST काय त्येला खाती व्हय?’ मग मी माझी भीती माझ्याजवळ ठेवली आणि त्याला सोडायला स्टँडवर आले.

ताई, गेल्या वर्षी याच दिवसांत मी दवाखान्याच्या बाकावर बसून डॉक्टरांना विचारत होते, तो परत पहिल्यासारखा होईल का. आज कुणी मला विचारलं तर सांगेन, नाही झाला, आणि मला आता पहिल्याची वाट बघायची नाही. मी याच्याबरोबर राहते. हा दूधभात खातो, कधी कट पितो, शेजारच्या पोरांना कुस्तीचे डाव हातांनी करून दाखवतो, मी कामावरून आले की पिशवी घेतो. आमचं भांडणही झालं गेल्या आठवड्यात, चांगलं कडकडून, त्याच्या बाजूनं चारच शब्द होते पण चारही मला लागले. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

हे सगळं तुमच्या एका पोस्टकार्डामुळं झालं असं मी म्हटलं की तुम्ही हात झटकता. झटका. मी म्हणत राहणार. तुमच्या भावांना माझा नमस्कार सांगा, आणि बोंडं खाऊन त्याच्या घशाला खवखव झाली तर गरम पाणी द्या, त्याला ते सांगता येणार नाही, किंवा आता येईलही.

गाडी लागली. कंडक्टरला सांगून ठेवावं म्हणून मी पुढं झाले, तर यानं मला मागं ओढलं. त्याच्या खिशात मी तुमच्या पत्त्याची चिठ्ठी घालून ठेवली होती. ती त्यानं काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘बोलतो की.’

चिठ्ठी माझ्याकडंच आहे. तो खिडकीत बसलाय. कंडक्टर त्याच्यापर्यंत आलाय, कुठं जायचं विचारतोय. मागचे लोक घाई करतायत, कंडक्टर थांबलाय, आणि कृष्णात तोंड उघडून शब्द शोधतोय. मी खालून काही बोलत नाही.

सांगितलं त्यानं. कंडक्टरनं तिकीट फाडलं. पत्र आता खिडकीतून त्याच्या हातात देते.

अनुजा